मिळकत आणि शिल्लक

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या शाळांमधून हुशार मुलं वेचायला सुरुवात केली. शिक्षकांनी नावं सुचवायची, मग मुलाची बुद्धिमापन चाचणी घ्यायची आणि बुद्ध्यांक साधारण १३५ च्या वर निघाला की त्याचं नाव यादीत घालायचं, अशी पद्धत. होता होता ८५६ मुलगे आणि ६७२ मुली जमल्या. या मुलांचं पुढे काय होतं हे टर्मन यांना आयुष्यभर पाहायचं होतं. १९५६ साली ते वारले, तरी सहकाऱ्यांनी काम सोडलं नाही. दर काही वर्षांनी प्रश्नावली जायची: नोकरी काय, लग्न झालं का, मुलंबाळं किती, तब्येत कशी, आणि वर्षाची कमाई किती.

टर्मन यांची अपेक्षा उघड होती. देशाचं पुढचं नेतृत्व या यादीतून येणार, असं ते धरून चालले होते. यादीतली बहुतेक मुलं चांगली शिकली, चांगली कमावती झाली, सरासरी अमेरिकन माणसापेक्षा पुष्कळ पुढे गेली. पण त्यांच्यातल्या एकालाही नोबेल पारितोषिक मिळालं नाही. आणि ज्या मुलांची चाचणी घेऊन त्यांना ‘बसत नाही’ म्हणून वगळलं होतं, त्यांत दोघं होते विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्व्हारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ साली. टर्मन यांच्या टीकाकारांनी हा किस्सा इतक्यांदा सांगितला आहे की तो आता थोडा शिळा झाला. मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते टर्मन यांच्या सहकारी मेलिटा ओडन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेलं काम. त्यांनी याच यादीतले शंभर सर्वांत यशस्वी आणि शंभर सर्वांत मागे पडलेले पुरुष निवडले आणि समोरासमोर ठेवले. दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात म्हणावा असा फरक नव्हता. फरक होता चिकाटीत, आत्मविश्वासात, काहीतरी तडीला नेण्याच्या ओढीत. फरक आणखी एका गोष्टीत होता, आणि ती गोष्ट सांगताना लोक सहसा आवाज खाली आणतात: यशस्वी गटातल्या पुरुषांचे वडील जास्त शिकलेले होते आणि त्यांची घरं जास्त स्थिर होती.

बुद्धी, स्वभाव आणि ज्या घरात आपण जन्मलो ते घर, या तिघांचा पैशाशी संबंध काय, हा या पुस्तकाचा विषय आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने पुस्तकाचं सार आधीच सांगून वाचकाची सोय करू नये, असं माझं मत आहे. म्हणून इथे मी विषयाची फक्त जमीन दाखवतो आणि ती कुठे भुसभुशीत आहे तेही सांगतो.

आधी मोजमापाबद्दल. बुद्ध्यांकाचा पाया घातला तो पॅरिसमध्ये, १९०५ साली, आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखायचं, एवढाच त्यांचा हेतू. टर्मन यांनी ती चाचणी अमेरिकेत रुळवली, वाढवली आणि तिला माणसाची कायमची किंमत सांगणाऱ्या यंत्राचं रूप दिलं. ते सुप्रजननवादाचे, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाचीच संतती वाढावी या विचाराचे, पुरस्कर्ते होते, हे विसरून त्यांचं काम वाचता येत नाही. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचण्या कानडी आणि मराठी मुलांसाठी नव्याने बसवल्या. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. पुढे शाळांतून, निवड मंडळांतून, संस्थांतून चाचण्या रुळल्या आणि ‘आयक्यू’ हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

स्वभाव मोजणं त्याहून अवघड. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द काढले. तो ढीग चाळत चाळत संशोधक पाच मोठ्या गुणांपर्यंत आले: नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि मनाची अस्वस्थता. नेटकेपणात वेळ पाळणं, घेतलेलं काम पुरं करणं, उद्याचा विचार करणं असं बरंच काही येतं. हे पाच गुण म्हणजे माणसाचा पूर्ण नकाशा नाही. उदारता, लबाडी, विनोदबुद्धी यांचं काय करायचं, हा वाद चालू आहे. पण कमाईशी ताडून पाहायला ते पुरेसे उपयोगी ठरले आहेत.

आता मुद्द्याकडे. बुद्धी आणि मिळकत यांचा संबंध आहे, तो खरा आहे आणि नाकारण्यात अर्थ नाही. तार्मो स्ट्रेन्झे यांनी २००७ साली अनेक देशांतले दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, अशा मापावर बुद्धीचा शिक्षणाशी संबंध दाट निघाला, ०.५६ इतका. कमाईशी मात्र तो ०.२० च्या आसपासच होता. हा आकडा समजायला गणिती असावं लागत नाही. माणसामाणसांच्या कमाईत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे चार टक्के भाग बुद्ध्यांकाशी जुळतो, उरलेला ९६ टक्के दुसरीकडे शोधावा लागतो. ज्यांना पोराच्या दहावीच्या टक्क्यांवरून त्याच्या साठीतल्या बंगल्याचा अंदाज बांधायची सवय आहे, त्यांनी इथे जरा थांबावं.

याहून मजेशीर शोध जे झागोर्स्की या अर्थशास्त्रज्ञाचा. त्यांनी ७,४०३ अमेरिकन लोकांची माहिती तपासली, सगळे १९५७ ते १९६४ दरम्यान जन्मलेले. बुद्ध्यांकाच्या एकेका गुणामागे वर्षाची मिळकत २०२ ते ६१६ डॉलरनी वाढलेली दिसली. इथवर ठीक. मग त्यांनी संपत्ती पाहिली, म्हणजे घर, ठेवी, गुंतवणूक यांतून कर्ज वजा जाता उरलेली शिल्लक. इतर घटक सारखे धरले तर बुद्ध्यांकाचा आणि शिल्लकेचा संबंधच सापडेना. हुशार लोकही क्रेडिट कार्डाची मर्यादा संपवत होते, हप्ते चुकवत होते, दिवाळखोरीत जात होते.

यात नवल वाटू नये. मिळकत म्हणजे बाजाराने तुमच्या कौशल्याला दिलेली किंमत. डॉक्टर, वकील, संगणक अभियंता यांचं कौशल्य शिकायला डोकं लागतं आणि त्याचे पैसे मिळतात. शिल्लक मात्र आलेल्या आणि गेलेल्या पैशातला फरक असते, आणि जाणाऱ्या पैशावर डोक्याची सत्ता फार कमी चालते. शेजाऱ्याने गाडी घेतली, मेहुणीच्या लग्नात आपलाही थाट दिसला पाहिजे, बाजार पडला की पोटात खड्डा पडतो आणि चढला की राहवत नाही. हे सगळे स्वभावाचे विषय. न्यूटनच्या बुद्धीबद्दल कुणाला शंका नसावी. १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये त्याने आधी नफा घेऊन पाय बाहेर काढला होता. भाव आणखी चढताना पाहून तो पुन्हा शिरला आणि मोठा फटका खाऊन बाहेर पडला. १९९७ साली रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते ज्या गुंतवणूक कंपनीत भागीदार होते ती पुढच्याच वर्षी बुडाली आणि तिला सावरायला १४ बँकांना मिळून सुमारे ३.६ अब्ज डॉलर घालावे लागले. हुशार माणसाची एक खास अडचण असते: त्याला आपल्या चुकीच्या निर्णयासाठी उत्तम कारणं सुचतात. महिना पाच टक्के देणाऱ्या योजना आपल्याकडे गावोगाव बुडतात, तेव्हा रांगेत निवृत्त प्राध्यापक आणि बँकेतले अधिकारीही उभे असतात, ते यामुळेच असावं.

मिळकतीच्या टोकालाही बुद्धीचा जोर ओसरतो. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी जवळजवळ सगळ्या तरुण पुरुषांची बुद्धिमापन चाचणी होत असे. सुमारे ५९,००० पुरुषांचे ते जुने गुण त्यांच्या पुढच्या पगाराशी जोडून २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला ६०,००० युरोंपर्यंत पगार आणि गुण हातात हात घालून चढत होते. त्यापुढे गुण जागच्या जागी राहिले आणि पगार एकटाच वर गेला. सर्वांत वरच्या एक टक्क्याचे सरासरी गुण तर लगेच खालच्या थरापेक्षा किंचित कमी भरले. त्याच भरतीत मानसशास्त्रज्ञ प्रत्येक तरुणाशी बोलून त्याचा धीर, जबाबदारीची जाण, पुढाकार यांची नोंद करत. एरिक लिंडक्विस्ट आणि रोइन वेस्टमन यांनी २०११ साली ती नोंद वापरून दाखवलं की जे पुरुष नोकरीच्या बाजारात तळाला अडकले, त्यांच्यात बुद्धीची उणीव तितकी नव्हती जितकी या दुसऱ्या गुणांची होती.

तर स्वभावातलं नेमकं काय कामाला येतं? टर्मन यांच्याच जुन्या नोंदींवर मिरियम गेन्सोव्स्की यांनी अलीकडे काम केलं आणि त्या पुरुषांची जन्मभराची कमाई मोजली. सगळेच अतिहुशार असल्यामुळे इथे स्वभावाचा वाटा वेगळा काढता येतो. नेटके आणि बहिर्मुख पुरुष जास्त कमावते झाले. मनमिळाऊ पुरुष कमी. फरक विशीत दिसत नव्हता. तिशीत सुरू झाला आणि चाळिशी ते साठीच्या दरम्यान सर्वांत ठळक झाला. नेटकेपणाचा उल्लेख झाला की कुणी हरकत घेणार नाही, पण मनमिळाऊपणाला दंड का बसावा?

पहिलं उत्तर सोपं वाटतं: भला माणूस पगाराची घासाघीस करत नाही. सँड्रा मॅट्झ आणि जो ग्लॅडस्टोन यांनी हे तपासलं तेव्हा वेगळंच काही पुढे आलं. मनमिळाऊ माणसं पैशाला मुळात कमी महत्त्व देतात आणि म्हणून त्याची राखण नीट करत नाहीत. आणि याची झळ गरीब घरांना जास्त बसते, कारण चूक झाली तर भरून काढायला त्यांच्यापाशी मागे काही नसतं. हे वाचताना मला आपल्या पतसंस्थांमधले जामीनदार आठवले. कर्ज घेणारा मित्र असतो, चुलतभाऊ असतो, शाळेतला सहकारी असतो. ‘नुसती सही हवी’ असं म्हणून कागद पुढे येतो. नाही म्हणायचं तर तोंड कसं दाखवायचं? मग एक दिवस वसुलीची नोटीस जामीनदाराच्या घरी येते आणि त्याच्या पगारातून कपात सुरू होते. अशी सही करणाऱ्याला व्यवहार कळत नव्हता असं नसतं. अनेकदा तो गणिताचा शिक्षक असतो. हातउसने दिलेले पैसे परत मागायला ज्याची जीभ रेटत नाही, त्याचा बुद्ध्यांक कितीही असो, महिनाअखेरची शिल्लक ठरलेलीच. तरी मी या गुणाला दोष म्हणायला तयार नाही. ज्या गावात कुणीच कुणाला जामीन राहत नाही, तिथे धंदा कसा उभा राहणार, हेही विचारायला हवं.

नेटकेपणाची सर्वांत भक्कम साक्ष न्यूझीलंडमधून येते. ड्यूनिडन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. लहानपणी स्वतःला आवर घालता येणारी मुलं वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पैशाच्या बाबतीत, तब्येतीच्या बाबतीत, कायद्याशी संबंध न येण्याच्या बाबतीत बरी होती, आणि बुद्ध्यांक व घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात १९६२ साली सुरू झालेल्या पेरी बालवाडीची गोष्ट याला जोडून वाचावी. गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांपैकी काहींना बालवाडीत घेतलं, काहींना नाही. बालवाडीच्या मुलांचा बुद्ध्यांक आधी वाढला आणि काही वर्षांत फरक पुसला गेला. प्रयोग फसला असं लोक म्हणू लागले. पण चाळिशीत तीच मुलं जास्त कमावत होती आणि कमी वेळा तुरुंगात गेली होती. जेम्स हेकमन यांनी यावरून दाखवलं की बालवाडीने बुद्धी वाढवली नसली तरी वागण्याची घडी बसवली होती.

इथे एक इशारा. ‘मार्शमॅलो प्रयोग’ म्हणून जो किस्सा प्रत्येक प्रेरणादायी व्याख्यानात सांगितला जातो, त्याच्यापासून सावध राहावं. स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी मुलांसमोर मिठाई ठेवली: आत्ता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे परीक्षांत पुढे गेली, असं निघालं. ही मुलं बहुतांशी विद्यापीठातल्याच लोकांची होती. २०१८ साली टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे नऊशे मुलांवर तोच प्रश्न पुन्हा पाहिला. परिणाम निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गेला. ज्या घरात दुसरी मिठाई खरोखर येईल याची खात्री असते, तिथल्या मुलाला थांबणं परवडतं.

म्हणजे स्वभाव हे पैशाचं कारण आहे तसा तो पैशाचा परिणामही आहे. बुद्धीचंही तसंच आहे, आणि त्यावरचा माझ्या मते सर्वांत बोलका प्रयोग तमिळनाडूतल्या ५४ गावांत, ऊस पिकवणाऱ्या ४६४ शेतकऱ्यांवर झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. साखर कारखान्याची गाळप क्षमता मर्यादित असते, त्यामुळे सगळ्यांचा ऊस एकाच वेळी तुटत नाही, कुणाची पाळी आधी येते, कुणाची नंतर. संशोधकांनी तेच शेतकरी तोडणीच्या आधी आणि नंतर गाठले. आधी हात आखडलेला, दागिने गहाण. नंतर पैसे हातात. तोच माणूस आकृत्यांच्या बुद्धिमापन चाचणीत पैसे आल्यानंतर लक्षणीय चांगले गुण मिळवत होता. सांगली-कोल्हापुराकडच्या वाचकाला यात शिकण्यासारखं काही नाही. तोडीच्या पाळीसाठी कारखान्याच्या चिटबॉयच्या मागे फिरणं आणि कायद्याने १४ दिवसांत मिळायला हवं ते ऊसबिल कधी जमा होतं याकडे डोळे लावणं, हे त्याने केलेलं असतं. त्या दिवसांत डोकं दुसऱ्या कशात चालत नाही, हे त्याला माहीतच आहे. चाचणी त्या दिवशी घेतली असती तर त्याची नोंद ‘कमी बुद्धीचा’ अशी झाली असती, एवढंच काय ते या प्रयोगाने दाखवलं. जातीचंही असंच: कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उघड केली नव्हती तेव्हा दलित मुलं इतरांच्या बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर जात पुकारल्यावर त्यांची कामगिरी घसरली. चक्रव्यूह तेच, मुलंही तशीच होती.

उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र मी या चष्म्यातून पुन्हा वाचलं. चित्रकार व्हायला ते मुंबईला जे. जे. कला शाळेत गेले आणि रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. मग यांत्रिक रेखाटन शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामूअण्णा सायकली विकत होते, तिथून धंदा सुरू झाला. लोखंडी नांगर बनवला तर शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीत विष भिनेल. नांगर पडून राहिले, तरी लक्ष्मणराव ते सुधारत राहिले. व्याख्यानांत गोष्ट इथे संपते: चिकाटीचा विजय. पण बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोडजवळ जमीन दिली नसती, तर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली असती का? आणि भावाने वर्षानुवर्षं मागची बाजू सांभाळली नसती तर? चिकाटी खरी होती. तशीच चिकाटी असलेले आणि औंधचा राजा न भेटलेले किती जण होते, ते सांगायला कुणी चरित्र लिहीत नाही. श्रीमंतांच्या सवयींवरची पुस्तकं दुकानात रचून ठेवलेली असतात. त्याच सवयी असून बुडालेल्यांचं एकही पुस्तक तिथे नसतं.

शेवटी एका उणिवेबद्दल, जी या पुस्तकाचीही आहे आणि एकूण विषयाचीही. वर सांगितलेले कितीतरी निष्कर्ष पुरुषांचे आहेत: ओडन यांचे दोनशे, स्वीडनचे सैनिक, गेन्सोव्स्की यांची जन्मभराची कमाई. टर्मन यांच्या यादीत ६७२ मुलीही होत्या, तितक्याच हुशार. त्यांतल्या फार मोठ्या संख्येने घर सांभाळलं, आणि त्यामुळे त्यांच्या बुद्धीचा आणि नेटकेपणाचा पैशाशी संबंध मोजायला रकानाच उरला नाही. आपल्याकडे तर शिल्लक पाडण्याचं काम पुष्कळ घरांत बाईच करते. भिशी लावते, पोस्टात टाकते, बचत गटाचा हप्ता चुकू देत नाही, सोनं कधी मोडायचं आणि कधी नाही हे ठरवते. कागदावर मात्र घर, ठेव, शेत नवऱ्याच्या नावावर, आणि संशोधक कागद वाचतो. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, त्यामुळे निदान काही खरेदीखतांवर तिचं नाव येऊ लागलं आहे. ते नाव शुल्क वाचवण्यापुरतं आहे की निर्णयही तिचा आहे, हे खरेदीखत सांगत नाही. ते घरोघर जाऊन विचारावं लागेल, आणि मराठीत हे काम कुणी हाती घेतलं तर त्याचं पुस्तक या पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी होईल.